चित्र आठवतं, अंक आठवत नाही

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या एका निवृत्त गुरुजींना एक चित्र हवं होतं. मुलीच्या फ्रॉकवर मांजरं, शेजारच्या मुलाच्या शर्टावर उंदीर. ‘आवाज’च्या दिवाळी अंकात आतल्या पानावर पाहिलेलं, साल अडुसष्ट किंवा एकोणसत्तर. एवढी माहिती हाताशी असल्यावर अंक सापडायला काय वेळ लागतो, असं कुणालाही वाटेल. पण त्यातली मांजरं आणि उंदीर सोडले तर बाकी सगळं चुकलेलं होतं.

चित्र आहे शि. द. फडणीस यांचं. ते ‘आवाज’मध्ये नव्हे, अनंत अंतरकरांच्या ‘मोहिनी’त आलं. आतल्या पानावर नव्हे, मुखपृष्ठावर. आणि अडुसष्टला नव्हे, १९५२ च्या दिवाळीत. मांजरं आहेत ती तरुणाच्या शर्टावर, उंदीर आहेत तरुणीच्या साडीवर. खाली एक अक्षर नाही. देखणी स्त्री हा त्या काळी मासिकांच्या मुखपृष्ठाचा ठरलेला विषय. तिथे तरुणी ठेवलीच, पण तिच्या साडीच्या नक्षीतून विनोद केला, तोही न बोलता. मराठी हास्यचित्रांच्या इतिहासात हे मुखपृष्ठ निघतंच निघतं, म्हणून गुरुजींचं काम फत्ते झालं. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं.

यातली एक गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. १९५२ साली गुरुजींचा जन्मही झालेला नव्हता. मग अडुसष्ट-एकोणसत्तरची आठवण खोटी म्हणायची का? तसं म्हणायचं कारण नाही. फडणीसांच्या चित्रांचं ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन १९६५ पासून फिरू लागलं, पुढे त्याच नावाचं पुस्तक निघालं, आणि गाजलेली चित्रं वर्तमानपत्रांत, विशेषांकांत पुन्हा पुन्हा छापली गेली. अशाच कुठल्या तरी पुनर्मुद्रणात गुरुजींनी ते पाहिलेलं असणार. चित्राचं साल एक, आपण ते पाहिल्याचं साल दुसरं. जुनं व्यंगचित्र शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा इथेच चकतो. स्वतःच्या वयाचा हिशेब करून तो ‘मी चौथीत होतो, म्हणजे अमुक साल’ असं ठरवतो आणि त्या एका सालाचे अंक चाळत बसतो.

‘आवाज’ हे नाव गुरुजींच्या तोंडी का आलं, तेही समजण्यासारखं आहे. आपल्याकडे विनोदी चित्र म्हटलं की ‘आवाज’ हे समीकरण इतकं घट्ट आहे की बेवारस चित्रं आपोआप त्याच्या खात्यावर जमा होतात. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली आठवणींवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात हीच गोष्ट प्रयोगांनी दाखवली आहे. परक्या संस्कृतीतली एक गोष्ट लोकांना वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. विचित्र वाटणारे तपशील गळाले, अनोळखी वस्तूंच्या जागी ओळखीच्या आल्या. त्यांचा चित्रांचा प्रयोग आपल्या विषयाला अधिकच जवळचा. घुबडाचं एक इजिप्शियन धाटणीचं चित्र एकाला दाखवायचं, त्याने आठवून काढलेलं दुसऱ्याला दाखवायचं, त्याचं तिसऱ्याला. असं होत होत घुबडाचं शेवटी चक्क मांजर झालं. यात कुणीही खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने आपल्याला समजलं तेवढंच काढलं.

व्यंगचित्राच्या बाबतीत डोकं जे धरून ठेवतं ते असतं विनोदाचं मर्म. कुणाच्या अंगावर काय, डावीकडे कोण, मासिक कोणतं, पान कोणतं, हे सगळं मर्माला चिकटलेलं नसतं, ते निसटतं. म्हणून शोधणाऱ्याने आठवणीची दोन भागांत वाटणी करावी. मर्म काय, ते पक्कं धरावं. बाकीचा तपशील हाताशी ठेवावा, पण त्याच्या भरवशावर एकही अंक बाद करू नये.

आता सूचीकडे वळू. लेख शोधायचा असेल तर मराठीत चांगली सोय आहे. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूचीचं प्रचंड काम केलं, आणि त्यांच्या नावाने चाललेल्या दाते सूची मंडळाने १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांतल्या लेखांची सूची तयार केली. अभ्यासकांना ही सूची म्हणजे वरदान. पण आपल्या कामाला ती दोन कारणांनी येत नाही. पहिलं कारण सरळ आहे. सूची १९५० ला थांबते आणि मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ सुरू होतो १९५१ ला. आपल्या आजच्या आठवणीतली बहुतेक चित्रं त्या रेषेच्या अलीकडची. दुसरं कारण जास्त मुळातलं आहे. लेखाला शीर्षक असतं, व्यंगचित्राला नसतं. अनुक्रमणिकेत कथा, कविता, लेख यांची एकेक ओळ असते आणि सगळ्यात खाली ‘हास्यचित्रे’ असं लिहून पाच-सात नावं एका दमात उरकलेली असतात. कुठलं चित्र कुणाचं, कोणत्या पानावर, काही नाही. मुखपृष्ठावरचं चित्र असेल तर फक्त चित्रकाराचं नाव. म्हणजे छापलं गेलं त्याच दिवशी चित्र नोंदीबाहेर राहिलं.

खरं तर नोंद करणं अवघड नाही. ‘मोहिनी, दिवाळी १९५२, मुखपृष्ठ, फडणीस, रंगीत, शब्दविरहित, तरुण, तरुणी, शर्ट, साडी, मांजर, उंदीर’ एवढ्या एका ओळीत काम भागतं. उद्या कुणी ‘फ्रॉकवर मांजर’ म्हणत आलं तरी ‘मांजर’ या एका शब्दावर चित्र हाती लागेल. चित्रात दिसणाऱ्या वस्तूंची नावं लिहायची, अर्थ लिहायचा नाही, इतकंच पथ्य. मराठीत व्यंगचित्रांची अशी शिस्तीत नोंद ठेवणारे थोडे. नांदेडचे मधुकर धर्मापुरीकर यांच्यासारखे संग्राहक-अभ्यासक त्यांतले. बाकी सगळा कारभार लोकांच्या स्मरणावर.

नोंद नसली की चित्र शोधण्याआधी घर शोधावं लागतं. ‘चित्रात काय होतं?’ या प्रश्नापेक्षा ‘तुमच्या घरी तेव्हा काय काय येत होतं?’ हा प्रश्न जास्त फळतो. बुलढाणा जिल्ह्याच्या बाबतीत तर फारच. मुंबई-नागपूर लोहमार्ग आपल्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाने जातो. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही त्यावरची स्टेशनं. खामगावला जलंबहून फाटा. जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या बुलढाण्याला मात्र रेल्वे नाही, आणि घाटावरच्या चिखली, मेहकरलाही नाही. मुंबई-पुण्याचे अंक मलकापूरला उतरायचे आणि तिथून एस.टी.ने वर चढायचे. स्टेशनाच्या गावात स्टॉलवर जे सहज दिसे, ते घाटावर एक तर वर्गणीदाराकडे टपालाने येई, नाही तर वाचनालयात. घाटावरच्या माणसाची आठवण ही बहुधा एखाद्या ठरावीक घराची, शाळेच्या कपाटाची किंवा कटिंगच्या दुकानातल्या बाकड्याची असते. हे ठिकाण आठवलं की यादी एकदम आटोक्यात येते. मास्तरांच्या घरी ‘किर्लोस्कर’ किंवा ‘अमृत’ येत असेल, कटिंगच्या दुकानात ‘मार्मिक’ किंवा ‘जत्रा’ पडलेला असेल, शाळेत ‘किशोर’. ज्या घरात ‘जत्रा’ पोरांच्या हाती लागू देत नसत, तिथल्या पोराने तो शेजारी जाऊन वाचलेला असतो. तेव्हा ‘शेजारी कोण राहायचं?’ हाही प्रश्न विचारून घ्यावा.

वर्गणीदाराच्या अंकाला पत्त्याची चिठ्ठी असायची, आणि ती शिल्लक असेल तर आपल्या जिल्ह्यासाठी तिच्याइतकी बोलकी खूण दुसरी नाही. स्वातंत्र्यापूर्वी बुलढाणा ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होता. १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे चिठ्ठीवर बुलढाण्यापुढे ‘म. प्र.’ असं दिसलं तर अंक १९५० ते ५६ मधला. ‘मोहिनी’चा तो १९५२ चा दिवाळी अंक कुण्या वऱ्हाडी वर्गणीदाराने मागवला असेल, तर टपालखात्याच्या लेखी तो मध्य प्रदेशात गेला! पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

बऱ्याचदा अंक नसतोच, असतं फक्त कात्रण. आजोबांच्या वहीत, देव्हाऱ्यामागे, शिवणयंत्राच्या खणात. कात्रण हाती आलं की लोक चित्राकडे बघत बसतात. मी म्हणेन, आधी ते उलटं करा. चित्र कापणाऱ्याने पुढची बाजू निवडून कापलेली असते, मागची बाजू मात्र योगायोगाने आलेली असते, आणि योगायोगाला लपवाछपवी जमत नाही. मागे एखाद्या औषधाची किंवा साबणाची अर्धवट जाहिरात निघते. किंमत ‘१-८-०’ अशी छापली असेल तर ते दीड रुपया, म्हणजे रुपये-आणे-पै. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली, त्यामुळे हा कागद त्याआधीचा किंवा फार तर त्याच्या आसपासचा. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे दिसले तर १९५७ ते १९६४, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ गेलं आणि नुसते ‘पैसे’ उरले. पुस्तकाची जाहिरात असेल तर त्याहून उत्तम. त्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचं साल काढलं की कागदाची पलीकडची हद्द कळते, कारण पुस्तकाच्या आधी त्याची जाहिरात फार फार तर काही महिनेच येणार.

बोटाचीही मदत घ्या. जुन्या अंकांतली रेखाचित्रं जस्ताच्या ब्लॉकवरून छापलेली असत. मूळ चित्राचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, नको असलेला भाग आम्लाने झिजवायचा, उरलेल्या उंच रेषांचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा आणि अक्षरांच्या खिळ्यांच्या शेजारी बसवून छापायचं. खिळा आणि ब्लॉक कागदात रुततात, म्हणून पानाच्या मागून बोट फिरवलं तर बारीक उंचवटे लागतात. ऑफसेटच्या छपाईत पान दोन्हीकडून गुळगुळीत. आपल्याकडे हा बदल सत्तर-ऐंशीच्या दशकांत टप्प्याटप्प्याने झाला, तेव्हा यावरून नेमकं साल निघत नाही, पण दशकाचा अंदाज येतो. ब्लॉकची आणखी एक गंमत. एकदा पैसे मोजून केलेला ब्लॉक छापखान्यात पडून राही, आणि मजकूर कमी पडून पानात चार बोटं जागा उरली की तोच ब्लॉक पुन्हा लावला जाई. एकच चित्र दोन अंकांत सापडलं तर गोंधळून जाऊ नये. दोन माणसं दोन वेगवेगळी सालं छातीठोकपणे सांगतात तेव्हा दोघंही खरी असू शकतात.

चित्रातल्या वस्तूंवरून काळ ओळखण्याची सवय लागली की मजा येते. चंद्रावर माणूस उतरला जुलै १९६९ मध्ये, त्या दिवाळीत व्यंगचित्रकारांनी चंद्राला सोडलं नसणारच. स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश-प्रयोगशाळा कोसळली ११ जुलै १९७९ ला, आणि ती कुणाच्या डोक्यावर पडणार यावर त्या वर्षी गावोगाव विनोद चालले होते. घराच्या कौलांवर टी.व्ही.चा अँटेना दिसत असेल तर तो मुंबई दूरदर्शन सुरू झालेल्या २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा, आणि चित्रातलं घर खेड्यातलं असेल तर बराच नंतरचा. उलट बाजूने मात्र सावध राहावं. चित्रात चिमणी-कंदील आहे म्हणून चित्र जुनं, असं होत नाही. व्यंगचित्रकार जुन्या वस्तू आवडीने काढतात, पण अजून आलेल्याच नाहीत अशा वस्तू त्यांना काढता येत नाहीत. तेव्हा चित्रातली सगळ्यात नवी वस्तू शोधायची.

मग येतो हात. सही पुसट असली किंवा कात्रणात कापली गेली असली तरी रेषा बोलते. फडणीसांची रेषा स्वच्छ, एकसारख्या जाडीची, रंग सपाट, आणि शब्द बहुधा नसतातच. ज्यांनी पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ वाचलं आहे, त्यांनी ती पाहिलेली आहे. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांचीच चित्रं होती, त्यामुळे काहींच्या डोक्यातलं ‘मासिकातलं’ चित्र प्रत्यक्षात गणिताच्या पुस्तकातलं निघू शकतं. वसंत सरवट्यांचा हात निराळा. पेशाने ते स्थापत्य अभियंता, पण रेषा टाकाची, थोडी खरबरीत, आणि चित्रात वाचण्यासारखं पुष्कळ. ‘ललित’ची दिवाळी मुखपृष्ठं आणि जयवंत दळवींचा ‘ठणठणपाळ’ म्हटलं की सरवटे आठवतात. बाळासाहेब ठाकऱ्यांची रेषा ब्रशची, जोरकस. डेव्हिड लो या मूळच्या न्यूझीलंडच्या व्यंगचित्रकाराचा प्रभाव त्यांच्यावर होता, हे जाणकार सांगतात. त्यांचा ‘मार्मिक’ १३ ऑगस्ट १९६० ला निघाला. दीनानाथ दलालांच्या स्त्रिया सांगाव्या लागत नाहीत. अनोळखी हात असेल तर त्या काळच्या दोन-चार दिवाळी अंकांतली सगळी चित्रं एका बैठकीत पाहावीत. तासाभरात डोळा तयार होतो आणि नाक-कान काढायची पद्धत पकडता येते.

‘आवाज’चं खिडकीचित्र शोधणाऱ्यांचं दुखणं वेगळंच आहे. खिडकीचित्र म्हणजे कापलेल्या पानाची करामत. वरच्या पानात एक भोक, त्यातून खालच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि तो वरच्या चित्राचाच भाग वाटतो. समजा, वरच्या चित्रात एक तरुणी टेकून बसली आहे आणि खिडकीतून दिसणारा गोल, गुळगुळीत भाग तिचा गुडघा आहे, अशी वाचणाऱ्याची खात्री झाली. पान उलटलं की तो निघतो पेपर वाचत बसलेल्या आजोबांच्या डोक्यावरचा चंद्र. चावटपणा सगळा वाचणाऱ्याच्या मनात, संपादक नामानिराळे! वाचनालयातल्या प्रतीत ही पानं सगळ्यात आधी फाटतात, हे वेगळं सांगायला नको. एकच चित्र शोधणारी दोन माणसं त्याचं वर्णन पूर्णपणे वेगळं करतात. एकाला तरुणी आठवते, दुसऱ्याला आजोबा. म्हणून विचारताना ‘पान उलटण्याआधीचं सांगताय की नंतरचं?’ असं विचारावं लागतं. स्कॅन केलेल्या प्रतीतही हीच पंचाईत. स्कॅनरखाली पान सपाट ठेवलं की भोकातून जे दिसेल ते टिपलं जातं, आणि मधे कोरा कागद घातला तर खिडकी पांढरी येते. एका खिडकीचे दोन-दोन स्कॅन घ्यायचं भान फार थोड्यांना असतं.

आता अंक कुठे मिळतील? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं राज्यात हजारोंनी आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावांपासून लहान खेड्यांपर्यंत ती पसरलेली आहेत. पण दिवाळी अंकाचा तिथला प्रवास लक्षात घ्या. तो वेगळी वर्गणी घेऊन घरोघर फिरवला जातो आणि होळीपर्यंत त्याची लक्तरं होतात. मासिकाचे बारा अंक बाइंडिंगला जातात, तर दिवाळी अंक आकाराने मोठा म्हणून बाहेर राहतो. आणि बाइंडिंग करताना खंड जाड होऊ नये म्हणून मुखपृष्ठं आणि जाहिरातीची पानं काढून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. म्हणजे ‘मोहिनी’सारख्या अंकाचा बांधीव खंड तुम्हाला मिळेल, आतला मजकूर शाबूत असेल, पण हवं ते नेमकं मुखपृष्ठच नसेल. खंडात चित्र नाही म्हणून त्या अंकात ते नव्हतं, असा निष्कर्ष काढू नये. आधी पान क्रमांक कुठून सुरू होतात ते पाहावं.

ती मुखपृष्ठं गेली कुठे, याचं उत्तर खामगावच्या एका रद्दीवाल्याने मला एका वाक्यात दिलं. “कव्हर कोन ठेवते सर? जाड कागद हाये, तो तं आंधीच कामात येते.” फरसाणाची पुडी, वहीचं पुठ्ठं, कपाटाच्या फळीवरचं अस्तर. त्याच्याकडे मात्र बिनकव्हराचे अंक वर्षावार लावलेले होते, आणि कोणत्या गल्लीतून कोणता गठ्ठा आला तेही त्याला माहीत होतं. जुन्या अंकांसाठी रद्दीवाल्याशी ओळख ठेवणं हे संशोधनच आहे, त्याला कमी लेखू नये. त्याला पैसे अंकाप्रमाणे द्यावेत, किलोप्रमाणे नाही. पुढच्या वेळी गठ्ठा फोडायच्या आधी तो फोन करतो.

जिल्ह्यात नाही भागलं तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादरचा संदर्भ विभाग, पुण्यातली जुनी वाचनालयं, ही पुढची पायरी. देशपातळीवर पाहिलं तर १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना पाठवणं बंधनकारक झालं आणि १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकंही त्यात आली. कायदा असला तरी अंक पाठवण्यात सगळेच प्रकाशक तत्पर होते असं नाही.

घरबसल्याचं बोलायचं तर सगळ्यात सुखी तो, ज्याचं चित्र ‘किशोर’मधलं आहे. बालभारतीने १९७१ पासूनचे जुने अंक आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. बाकी मासिकांचे तुरळक स्कॅन इकडेतिकडे सापडतात, पण नाव कुणी कसं लिहिलं असेल याचा नेम नाही, म्हणून मासिकाचं नाव तीन-चार तऱ्हांनी टाकून पाहावं. चित्र दाखवून चित्र शोधायची सोय हल्ली मोबाइलवरही आहे, पण तिला आधी चित्र लागतं, आणि आपल्याकडे तेच तर नाही. कात्रण असेल तर मात्र जरूर वापरा. शब्दांवरून शोधायचं म्हटलं तर संगणक छापील देवनागरी बऱ्यापैकी वाचतो, हाताने रंगवलेल्या अक्षरांपुढे अडखळतो. आणि व्यंगचित्रातले संवाद बहुधा हातानेच लिहिलेले. जुने अंक सरसकट खुले का नाहीत, यामागे स्वामित्वहक्काचंही कारण आहे. आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ अखेरपर्यंत हक्काखाली.

चित्र सापडलं तरी थांबण्याआधी आणखी एक चाळण लावावी. हे पहिल्यांदा छापलं गेलं ते इथेच का? परदेशी नियतकालिकातलं चित्र घ्यायचं, खाली मराठी ओळ टाकायची, असा मामला आपल्या मासिकांत चालत आलेला आहे. सरवट्यांनी परदेशी व्यंगचित्रांवर ‘परकी चलन’ नावाचं पुस्तकच लिहिलं. चित्रातल्या माणसाच्या डोक्यावर हॅट असेल, दारात दुधाच्या बाटल्या ठेवलेल्या असतील, तर मूळ बाहेर शोधावं. आणि बाहेरही पहिलं सापडलेलं पहिलंच असतं असं नाही. बिशपच्या घरी न्याहारीला बसलेल्या तरुण पाद्र्याला नासकं अंडं मिळतं आणि यजमानाला वाईट वाटू नये म्हणून तो त्या अंड्याचे काही भाग फारच उत्तम असल्याचं सांगतो, हे जॉर्ज द्यू मोरिए यांचं लंडनच्या ‘पंच’मधलं चित्र जगप्रसिद्ध आहे. ते ९ नोव्हेंबर १८९५ च्या अंकातलं. पण त्याच वर्षी मे महिन्यात ‘जूडी’ या दुसऱ्या विनोदी साप्ताहिकात पाद्री, बिशप आणि अंडं हाच मसाला घेऊन दुसऱ्या चित्रकाराचं चित्र येऊन गेलं होतं. ते आज कुणाला ठाऊक नाही. लोकांनी लक्षात ठेवलं ते ‘पंच’चं.

एक व्यवहाराची गोष्ट. वाचनालयात जुने अंक बघायला दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका. ग्रंथपाल तेव्हा नव्या अंकांवर क्रमांक घालण्यात आणि वर्गणीदारांच्या रांगेत गुंतलेले असतात, तुमच्या मांजर-उंदरांकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नसते. संक्रांतीनंतर जा. मार्चअखेर जवळ आली की कपाटं मोकळी करायचा विषय निघतो आणि सगळ्यात आधी नजर जाते ती सुट्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर. फेब्रुवारीत पोचलेलं बरं.